गेटवर अडवल्यापासून पुन्हा हजर होईपर्यंत: अन्यायाने कामावरून काढलेल्या नाशिकच्या कामगारासाठी

२०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे पावणेसात वाजले होते. अंबडमधल्या आमच्या कारखान्याच्या गेटवर मी नेहमीप्रमाणे कार्ड टेकवले, तर लाल दिवा. पुन्हा टेकवले, पुन्हा लाल. वॉचमन ओळखीचा. तो खाली बघत म्हणाला, "भाऊ, तुम्हाला आत सोडू नका असं वरून सांगितलंय. साहेब फोन करतील." बारा वर्षे मी त्याच गेटमधून आत गेलो होतो. हातात डबा होता, मागे पहिल्या शिफ्टची रांग उभी होती, मी मुकाट्याने बाजूला झालो. साहेबांचा फोन काही आला नाही. बाराव्या दिवशी घरी पत्र आले: आपण सलग अकरा दिवस विनापरवानगी गैरहजर राहिल्याने आपले नाव हजेरीपटावरून कमी करण्यात येत आहे.

त्या अकरा दिवसांत मी काय करायला हवे होते, ते सांगणारे कोणी भेटले नाही. म्हणून हा लेख. मी वकील नाही. पण माझी केस संपल्यापासून सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या बऱ्याच जणांबरोबर त्यांचे कागद लावत बसलो आहे. निकाल लागायला वर्षे जातात, पण तो बहुतेक वेळा पहिल्या नव्वद दिवसांतच ठरून गेलेला असतो. तुम्ही काय लिहिलेत, काय जपलेत आणि कशावर सही केली नाहीत, यावर.

त्याच दिवशी

गेटवर अडवले की घरी जाऊन वाट बघू नका. तिथेच गेटचा आणि घड्याळाचा फोटो काढा. सोबतच्या दोघांना सांगून ठेवा. एचआरला फोन केला असेल तर लगेच व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका: "आज सकाळी ६.४५ ला हजर झालो, गेटवर अडवले, कारण सांगितले नाही." फोनवरचे बोलणे सिद्ध करणे अवघड असते, पण लिहिलेली ओळ टिकते.

संध्याकाळपर्यंत पत्र तयार करा. भाषा साधी ठेवा. शिव्याशाप नकोत, युनियनचे राजकारण नको, साहेबांच्या स्वभावाबद्दल एक शब्द नको. मी आता सगळ्यांना देतो तो मसुदा असा:

"मी आपल्या कारखान्यात दि. ___ पासून ___ या पदावर काम करतो. माझा टोकन क्रमांक ___. दि. ___ रोजी पहिल्या पाळीस सकाळी ___ वाजता मी कामावर हजर झालो असता सुरक्षारक्षकाने मला आत जाण्यास मज्जाव केला. मला कोणतेही आरोपपत्र, नोटीस किंवा लेखी आदेश दिलेला नाही. मी कामावर येण्यास तयार होतो व आजही आहे. मी गैरहजर नाही. मला त्वरित कामावर घ्यावे, अन्यथा लेखी कारण कळवावे."

यातली "मी कामावर येण्यास तयार होतो व आजही आहे" आणि "मी गैरहजर नाही" ही दोन वाक्ये गाळू नका. पत्र स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशा तऱ्हेने पाठवा. जुनी रजिस्टर एडी आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे, तेव्हा खिडकीवर नोंदणी आणि पोचपावती हवी असे स्पष्ट सांगा. ट्रॅकिंगचे पान त्याच आठवड्यात छापून घ्या, नंतर ते दिसत नाही. एक प्रत ईमेलने कंपनीला आणि एक कामगार उपायुक्त कार्यालयाच्या आवक विभागात द्या. तुमच्याकडच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पत्र गेल्यावरही आणखी चार-पाच दिवस शिफ्टच्या वेळेला गेटवर जा. मी रोज जात होतो, पण जातो आहे याचा कागद मी केला नव्हता. मला वाचवले ते गेटसमोरच्या टपरीने. सकाळी चहा घ्यायचो आणि दहा रुपये फोनवरून द्यायचो. अकरापैकी नऊ दिवसांच्या त्या नोंदी, वेळ ६.४० ते ७.०५ च्या दरम्यान, बँकेच्या उताऱ्यात सापडल्या. "गैरहजर" माणूस रोज पहिल्या शिफ्टला गेटसमोर चहा कशाला पिईल, हा प्रश्न आमच्या वकिलांनी कोर्टात विचारला, तेव्हा समोरून उत्तर आले नाही. तो निव्वळ योगायोग होता. तुम्ही योगायोगावर राहू नका.

गैरहजेरीच्या नावाखाली नाव काढणे हा फार जुना प्रकार आहे. स्थायी आदेशात, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या लेखी नियमांत, "इतके दिवस गैरहजर राहिल्यास नोकरी सोडली असे समजले जाईल" असे कलम असले, तरी चौकशी न करता, म्हणणे न ऐकता नाव काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डी. के. यादव प्रकरणात स्पष्ट केले आहे. वकिलाला हे नाव सांगा.

सही करण्याआधी

बोलावून घेतात, चहा देतात, समोर कागद ठेवतात. "राजीनामा द्या, नाहीतर बडतर्फ करू. बडतर्फीचा डाग लागला की दुसरीकडे कोणी घेणार नाही." सिन्नरच्या मुसळगावमधल्या एका ताईंनी अशा वेळी सही केली, कारण खोलीत चौघे पुरुष होते आणि दार बंद होते. राजीनामा दिला की कायद्याच्या दृष्टीने तुम्हाला कोणी काढलेलेच नसते, तुम्ही स्वतः गेलेले असता. मग दाद मागायची कशाबद्दल?

सही करू नका. "घरी विचारून सांगतो" म्हणा आणि उठा. झालीच असेल, तर त्याच रात्री ईमेल करा: राजीनामा दबावाखाली घेतला, खोलीत कोण कोण होते, किती वाजता, आणि मी तो मागे घेत आहे. त्या ताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी हे केले. पंधरा दिवसांनी केले असते, तर दबावाची गोष्ट नंतर सुचलेली वाटली असती.

"फुल अँड फायनल"च्या पावतीबद्दलही तेच. काढून टाकल्यावर तुमचा थकलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो, तो तुमचा हक्कच आहे. पण पावतीवर "माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही" अशी ओळ असते. पैसे खात्यात आले तर आले. कागदावर सही करावीच लागली, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "हक्क अबाधित ठेवून, निषेधासह स्वीकारले." आणि त्या कागदाचा फोटो घ्या.

तुमचे दार कोणते

इथे चुकले तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या दारात जाते.

कामगार न्यायालयाचे दार "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्याला उघडे आहे. ऑपरेटर, फिटर, हेल्पर, क्लार्क, तंत्रज्ञ हे सरळ बसतात. हल्ली कंपन्या ऑपरेटरला "एक्झिक्युटिव्ह" नाहीतर "टीम लीडर" अशी पाटी लावतात. घाबरू नका. पाटी पाहिली जात नाही, रोजचे मुख्य काम काय ते पाहिले जाते. तुम्ही स्वतः मशीन चालवत होता, कोणाची रजा मंजूर करण्याचा अधिकार तुम्हाला नव्हता, हे दाखवता आले की झाले. खरोखर देखरेखीचे काम असेल, तर पगाराची मर्यादा लागते: जुन्या कायद्यात (१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा) महिना १०,००० रुपये, नव्या संहितेत (औद्योगिक संबंध संहिता, २०२०) १८,०००. मॅनेजरला हे दार नाही. त्याला दिवाणी न्यायालयात करारानुसार नोटीस पगार वगैरे मागावे लागतात, पुन्हा कामावर घ्या असा हुकूम तिथे बहुधा मिळत नाही.

ओझरचा एचएएल, नाशिकरोडची दोन्ही मुद्रणालये, बँका, विमा कंपन्या यांच्यासाठी "समुचित शासन", म्हणजे ज्याची कामगार यंत्रणा लागू होते ते सरकार, केंद्राचे. त्यांच्या कामगारांनी राज्याच्या कामगार कार्यालयात न जाता केंद्रीय समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंना समोर बसवून तडजोड जमते का पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचे.

खासगी शाळांतील शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा रस्ता पूर्ण वेगळा आहे. १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात अपील करायचे आणि मुदत फक्त ३० दिवस. इथे कामगार न्यायालयाच्या नव्वद दिवसांच्या मुदतीचा हिशोब धरून बसलात तर गाडी चुकली.

आता ठेकेदाराकडचे कामगार. नाशिकच्या कारखान्यांत त्यांची संख्या मोठी आहे, आणि सर्वांत जास्त फसगतही त्यांचीच होते. काम मुख्य कंपनीचे, मशीन कंपनीचे, सूचना कंपनीच्या सुपरवायझरच्या, पण पगाराची स्लिप ठेकेदाराची. खाली सांगितलेली पहिली वाट यांना सहसा बंद असते. मालक-कामगार नातेच कंपनी नाकारत असेल, तर ते आधी दुसऱ्या मंचावर सिद्ध करून या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला प्रकरणांत सांगितले आहे. म्हणून ठेका कामगाराने समेटाची, दुसरी वाट धरावी, आणि तिथे ठेकेदार व मुख्य कंपनी दोघांनाही पक्षकार करावे.

तात्पुरत्या आणि "ब्रेक" देऊन ठेवलेल्या कामगारांसाठी २४० हा आकडा आहे. काढल्याच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम झाले असेल, तर सलग एक वर्षाची सेवा धरली जाते. हे मोजताना फक्त मशीनवर उभे राहिलेले दिवस मोजू नका. पगारी सुट्ट्या आणि पगारी रविवारही धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे. २१४ दिवस भरतात म्हणून निराश झालेल्या एका मुलाचे रविवार मिळवले तर आकडा २५१ झाला. मात्र २४० दिवस सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल आणि मुदत संपली म्हणून थांबवले असेल, तर केस कमजोर असते, हेही आधीच समजून घ्या.

दोन वाटा, आणि त्यातली एकच

पहिली वाट महाराष्ट्राची स्वतःची आहे: अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा. कामगार त्याला नुसते "पल्प" म्हणतात आणि तक्रारीला "यूएलपी". त्याच्या अनुसूची ४ मधली पहिलीच बाब कामावरून काढण्याबद्दल आहे. सूड म्हणून काढणे, प्रामाणिक हेतू नसताना अधिकाराचा दिखावा करून काढणे, खोट्या फौजदारी प्रकरणात गोवणे, उघडउघड खोटे कारण देणे, गैरहजेरीचा बनाव करणे, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अनाठायी घाईने चौकशी उरकणे, आणि किरकोळ चुकीला धक्कादायक मोठी शिक्षा देणे. यातले एक जरी बसत असेल, तर थेट नाशिकच्या कामगार न्यायालयात तक्रार दाखल करता येते, मध्ये कामगार कार्यालय लागत नाही. मुदत घटनेपासून ९० दिवस. उशीर झाला तर पुरेसे कारण देऊन माफी मागता येते, पण ती मिळेलच असे धरून चालू नका. या वाटेवर अंतरिम दिलासा, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता हुकूम, मागता येतो, हा मोठा फायदा. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: प्रत्यक्ष काढण्याआधी, म्हणजे "तुम्हाला बडतर्फ का करू नये" अशी नोटीस हातात पडली की त्याच टप्प्यावरही कोर्टात जाता येते. १९९५ च्या हिंदुस्थान लिव्हर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले.

दुसरी वाट समेट अधिकाऱ्यामार्फत न्यायाधिकरणाकडे जाते. इथे तुमची तारीख महत्त्वाची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात विलीन होऊन रद्द झाला. जुन्या कायद्यात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवस गेले की कामगार थेट न्यायालयात जाऊ शकत होता, आणि एकूण मुदत काढल्यापासून तीन वर्षे होती. नव्या संहितेत विवाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाची कारवाई करता येत नाही. समेट फिसकटल्याचा अहवाल हाती आल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणात अर्ज करायचा, आणि हे न्यायाधिकरण दोन सदस्यांचे असते, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय. संहितेने जे तीन केंद्रीय कायदे रद्द केले, त्यांत आपल्या १९७१ च्या राज्य कायद्याचे नाव नाही. वकिलाला भेटल्यावर पहिल्या वाक्यात काढल्याची तारीख सांगा, म्हणजे अर्जावर कोणते कलम घालायचे ते तिथेच ठरेल.

दोन्ही वाटांवर एकाच वेळी चालता येत नाही. १९७१ च्या कायद्याचे कलम ५९ सांगते की एका कायद्याखाली कारवाई सुरू केली की त्याच विषयासाठी दुसरा बंद. म्हणून घाईत, कोणी सांगितले म्हणून, कामगार कार्यालयात विवादाचा अर्ज टाकून मोकळे होऊ नका. आधी बसून ठरवा. माझे मत असे: कायम कामगार असाल, कंपनी तुम्हाला आपला कामगार मानत असेल आणि ९० दिवस उलटले नसतील, तर पहिली वाट. नाते वादात असेल, ठेका असेल किंवा मुदत गेली असेल, तर दुसरी. आणि कोणत्याही परिस्थितीत डोक्यात ९० हाच आकडा ठेवा. सर्वांत जवळची तारीख पाळली की पुढच्या आपोआप पाळल्या जातात. मी माझी तक्रार ७१ व्या दिवशी दाखल केली. पहिले ४० दिवस मी साहेबांच्या फोनची वाट पाहण्यात घालवले होते.

फाईल

एक जाड फाईल घ्या आणि तारखेच्या क्रमाने लावा. नेमणूकपत्र, कायम केल्याचे पत्र, पगाराच्या स्लिपा, ओळखपत्र, बोनस आणि रजेचे कागद, जुन्या मेमोंची उत्तरे. बऱ्याच जणांकडे यातले काहीच नसते, विशेषतः ठेक्यावर. मग पीएफचे पासबुक उतरवून घ्या, त्यात कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्यात पैसे भरले ते दिसते. ईएसआयसीचे कार्ड, पगार जमा झालेला बँकेचा उतारा, सुरक्षा प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावरचे नाव, शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे "उद्या सेकंडला या" असे सुपरवायझरचे मेसेज, हे सगळे चालते. मेसेज दाखवायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कंपनीच्या ताब्यातले हजेरीपट आणि पगारपत्रके हजर करा, असा अर्ज कोर्टात करता येतो. तरीही ते दिले नाहीत, तर त्यावरून प्रतिकूल अनुमान, म्हणजे कंपनीविरुद्ध निष्कर्ष, काढा असे म्हणता येते.

एक वही वेगळी करा. रोज दोन ओळी: कोणाला भेटलो, काय बोलणे झाले. तीन वर्षांनी उलटतपासात तारीख विचारतात, तेव्हा हीच वही आदल्या रात्री वाचायची असते.

आरोपपत्र आले असेल तर

चौकशी हा केसचा पाया असतो आणि आपले लोक नेमके तिथेच जात नाहीत. "निकाल ठरलेलाच आहे, कशाला जायचं?" असे म्हणून बसतात. मग चौकशी एकतर्फी होते आणि कोर्टात कंपनी म्हणते की आम्ही संधी दिली होती. जा. प्रत्येक तारखेला जा.

आरोपपत्र मराठीत मागा. आरोप मोघम असेल, "गैरवर्तन केले" एवढाच, तर तारीख, वेळ, ठिकाण, शब्द असा तपशील मागा. बचावासाठी सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी द्या अशी लेखी मागणी करा. कंपनीच्या प्रत्येक साक्षीदाराला प्रश्न विचारा, एकच विचारा हवे तर, पण विचारा. रोजच्या कामकाजाची प्रत घेतल्याशिवाय सही करू नका, आणि जे बोललात ते लिहिलेले नसेल तर सहीशेजारी "माझे म्हणणे नोंदवलेले नाही" असे लिहा. निलंबित असाल तर निर्वाह भत्ता मिळायला हवा: पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, त्यानंतर ७५ टक्के. तो दिला नाही तर लगेच लेखी मागा. भत्त्याविना उपाशी ठेवून चालवलेली चौकशी कोर्टात टिकायला अवघड जाते.

आरोप नसून "काम नाही" म्हणून काढले असेल, तर ती कपात झाली आणि तिचे नियम निराळे. वर्षभर सेवा झालेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. तो काढतानाच हातात पडायला हवा, नंतर केव्हातरी नव्हे. त्याच कामातला सर्वांत शेवटी लागलेला आधी गेला पाहिजे. मोठ्या कारखान्यांना शासनाची पूर्वपरवानगी लागते. जुन्या कायद्यात त्यासाठी १०० कामगारांची मर्यादा होती, संहितेत ती ३०० केली आहे. तुम्हाला काढून महिन्याभरात त्याच मशीनवर नवा माणूस उभा केला, तर त्याचा पुरावा जमवा.

समेटाची बैठक

समेट अधिकारी न्यायाधीश नाही. तो निकाल देत नाही, दोघांना समोर बसवतो आणि जमते का पाहतो. पहिल्या तारखेला कंपनीतर्फे कोणी येत नाही, दुसऱ्या तारखेला मुदत मागतात. चिडू नका. प्रत्येक तारखेला हजेरी लिहा आणि तुमचे म्हणणे लेखी द्या.

तिसऱ्या-चौथ्या तारखेला बाहेरच्या व्हरांड्यात एक आकडा कानात सांगितला जातो. "दोन लाख घ्या आणि मिटवा." हा आकडा ऐकण्याआधी स्वतःचा हिशोब करून ठेवा. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि सेवा १२ वर्षे. ग्रॅच्युइटी: २६,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२, म्हणजे १,८०,०००. कपातीची भरपाई: अर्ध्या महिन्याचे १३,००० गुणिले १२, म्हणजे १,५६,०००. नोटीस पगार २६,०००. एकूण ३,६२,०००. यात रजेचे पैसे, बोनस, थकीत पगार नाहीत, आणि केस चालू असताना बुडणारा पगार तर नाहीच. म्हणजे "दोन लाख" यातला बहुतेक पैसा तुमची स्वतःची ग्रॅच्युइटीच आहे. बोलणी ३,६२,००० च्या वर सुरू व्हायला हवीत.

मिटवणे वाईट नसते. कर्जाचा हप्ता आणि मुलांची फी थांबत नाही, आणि चांगल्या रकमेवर मिटवणाऱ्याला कोणी कमी लेखू नये. पण तडजोड समेट अधिकाऱ्यासमोर लेखी करा, रक्कम व तारीख त्यात लिहून घ्या. व्हरांड्यातला शब्द धरू नका.

कोर्टात

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तो आहे. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. दुसऱ्या, समेटाच्या वाटेवर युनियनचा पदाधिकारीही तुमची बाजू मांडू शकतो. तिथे वकील द्यायचा तर समोरच्याची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागते, संहितेतही ही तरतूद आहे.

दाव्यात काय हवे ते नीट लिहा: पुन्हा कामावर घ्यावे, सेवेत सातत्य द्यावे, मधल्या काळाचा पूर्ण पगार द्यावा. आणि एक ओळ हमखास घाला: "कामावरून काढल्यापासून मी बेरोजगार आहे, प्रयत्न करूनही काम मिळालेले नाही." अर्थात ती खरी असेल तरच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या दीपाली सुरवसे प्रकरणात सांगितले की बेकायदा काढलेल्याला मागील पगार मिळणे हा सर्वसाधारण नियम आहे, पण आपण दुसरीकडे कमावत नव्हतो हे कामगाराने आधी म्हटले पाहिजे. त्यानंतर ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर.

पुढचा क्रम असा: तुमचा दावा, कंपनीची कैफियत, मुद्दे, तुमचे शपथपत्र, उलटतपास, त्यांचे साक्षीदार, युक्तिवाद. चौकशी झालेली असेल तर आधी ती योग्य होती का, यावर निर्णय होतो. ती रद्द झाली म्हणून केस संपली असे नाही. कंपनीने मागितले असेल तर आरोप कोर्टासमोर नव्याने सिद्ध करायची संधी तिला मिळते. आणि आरोप सिद्ध झाला तरी शिक्षा फार मोठी असेल तर ती कमी करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. म्हणून तुमचा जुना स्वच्छ रेकॉर्ड, शाबासकीची पत्रे, सगळे दाखल करा.

उलटतपासाला मी फार घाबरलो होतो. कंपनीचे वकील शांत आवाजात विचारत गेले. घरी कोण कोण आहे? मुलगा कोणत्या शाळेत? फी किती? भरली का? घरभाडे? ते थकले का? मग हळूच: "मग हे सगळं चालतं कशावर?" मागे वळून पाहिले तर माझी बायको बाकावर बसली होती. मी दहा महिने भाड्याची रिक्षा चालवली होती, नाशिकरोड ते शालिमार. शपथपत्रात ते लिहिले नव्हते. माझ्या एका सोबत्याने "नाही" म्हण असे सुचवले होते. मी खरे सांगितले: दहा महिने रिक्षा, दिवसाला खर्च वजा जाता तीनशे-चारशे. निकालात मला कामावर घेण्याचा हुकूम झाला, सातत्य मिळाले, मागील पगार निम्मा मिळाला. निम्मा गेला याचे वाईट वाटले. पण त्याच निकालपत्रात "साक्षीदार विश्वासार्ह वाटतो" असे वाक्य आहे, आणि गेटवर रोज हजर होतो हे माझे म्हणणे त्याच विश्वासावर उभे राहिले. एक खोटे पकडले गेले असते, तर चहाच्या त्या नऊ नोंदीही कोणी मानल्या नसत्या. तुम्ही फरसाण विकले असेल, शेतात राबला असाल, तर शपथपत्रातच लिहा. पोटासाठी केलेले किरकोळ काम म्हणजे नोकरी नव्हे, हा युक्तिवाद मोकळेपणाने करता येतो. लपवले तर करता येत नाही.

तारखा चुकवू नका. तुम्ही गैरहजर आणि केस निकाली, असे खूप जणांचे झाले आहे.

हुकूम हातात आल्यावर

"पल्प"च्या निकालाविरुद्ध नाशिकच्याच औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण होते, त्यानंतर मुंबई उच्च न्यायालय. न्यायाधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध कंपनी थेट उच्च न्यायालयात रिट करते. दुसऱ्या वाटेवर तुम्हाला कामावर घेण्याचा निवाडा झालेला असेल, तर ते प्रकरण वर चालू असेपर्यंत शेवटचा पूर्ण पगार दरमहा मागता येतो. त्यासाठी आपण दुसरीकडे नोकरीत नाही असे शपथपत्र द्यावे लागते. हा अर्ज आपोआप होत नाही, वकिलाच्या मागे लागून करून घ्या. सगळ्यांनाच पुन्हा काम मिळते असेही नाही: रोजंदारीवरच्या आणि थोड्या सेवेच्या कामगारांना हल्ली कोर्ट बरेचदा एकरकमी भरपाई देते.

निकालाची प्रमाणित प्रत मिळाली की दुसऱ्याच दिवशी, शिफ्टच्या वेळेला गेटवर जा. हजर होत असल्याचे पत्र दोन प्रतींत न्या, सोबत निकालाची प्रत जोडा, एका प्रतीवर पोच मागा. टाइम ऑफिसने पोच नाकारली, तर तेच पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. आत घेतले नाही, तर हुकूम मोडल्याबद्दल स्वतंत्र अर्ज होतो, आणि त्यासाठी तुम्ही त्या तारखेला तिथे होता हे दाखवावे लागते. मी दोन प्रती घेऊन गेलो होतो. तोच वॉचमन होता, केस पांढरे झालेले. त्याने पत्र घेतले, आत फोन लावला, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून वेळ लिहिली: ६.५२.